स्पष्ट उच्चार

मुरुम,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. इंद्रजित,

आशीर्वाद. तुझ्या पत्राची भाषा पाहता हे आशीर्वाद पाठवावेत की नाही, यावर मी एक रात्र विचार केला. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखतो, तू विचारले नाहीस.

तुझा आरोप असा: ‘आप्पा, तुम्ही आमच्या गायकाला, माजला, काढायला लावलं आणि आमचा बँड बुडवला.’ चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला इतक्या ढिसाळ विधानाचे उत्तर द्यावे लागते, हे दुर्दैव. काढायला लावणे आणि काढणे या भिन्न क्रिया आहेत. माजला वगळून तुम्हा चौघांना ओसरीवर बसवून मी एक युक्तिवाद मांडला. गाण्याला शब्द असतात. शब्द कळण्यासाठी असतात. माजच्या डरकाळीत एकही शब्द कळत नाही. सबब माज गायक नव्हे. तुमच्यापैकी एकालाही त्यात छिद्र सापडले नाही. माजला निरोप मात्र तू दिलास, तोही मोबाइलवर, दोन ओळींत. तो भ्याडपणा सर्वस्वी तुझा.

त्याच्या जागी गायक म्हणून दिग्विजयचे नाव मी सुचवले, हे मान्य. वक्तृत्व स्पर्धांत परीक्षक म्हणून तीन वर्षे त्याचे उच्चार ऐकले होते.

माज असताना तुमचा ‘तप्तलोह’ बँड ऐकायला उमरग्याची पोरे मोटारसायकलींवर येत आणि इतक्या माना झटकत की दुसऱ्या दिवशी त्यांना मागे वळून पाहता येत नसे. दिग्विजय आला आणि गर्दी कार्यक्रमागणिक विरळ होत गेली. परवाच्या रविवारी धाराशिवला तेवीस माणसे होती. त्यांत मागच्या रांगेत मी होतो. हे तुला ठाऊक नाही. तुमच्या गिटारी कडाडल्या आणि दिग्विजय खणखणीत आवाजात म्हणाला, ‘हे शून्या, तुझे अस्तित्व तू सिद्ध कर!’

माझ्या पुढचा पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, ‘आरं, ह्ये गानं हाय का गणिताचा पेपर?’

सगळी रांग हसली. मीही हसल्यासारखे केले.

तुम्ही गाता त्या गाण्यांची वही देताना ती एका जुन्या विद्यार्थ्याची असल्याचे मी सांगितले होते. तू त्याचे नाव कधी विचारले नाहीस. माजने विचारले. त्याच्या वडिलांचे, गफारभाईंचे, सगळे अर्ज मीच लिहून देत असे. त्यामुळे माझे अक्षर त्याच्या ओळखीचे. एका दुपारी तो एकटाच आला.

‘आप्पा, त्यो विद्यार्थी तुमीच ना?’

मी चष्मा पुसू लागलो. तो हसला. ‘घाबरू नका. मी असा वरडतो की एक शब्द बाहेर निसटनार न्हाय. तुमची इज्जत माझ्या गळ्यात हाय.’

तो हे मायेने बोलला होता. ते मला त्याच क्षणी कळले होते. तरीही माझे शब्द लपवण्याजोगे ठरले, हे झोंबले आणि चौथ्या दिवशी मी तुम्हाला ओसरीवर बोलावले.

काल मोंढ्यात, धान्यबाजारात गेलो. तुरीच्या ढिगांपुढे माज लिलाव पुकारत होता, आणि शंभर माणसांच्या कलकलाटात त्याचा शब्द न् शब्द लख्ख ऐकू येत होता. लिलाव आटोपल्यावर मी म्हणालो, ‘त्यांच्यात परत जा.’

‘न्हाय जमायचं, आप्पा. दोन ओळींत काढलं मला,’ तो म्हणाला. मग आवाज उतरवून, ‘वहीचं मात्र मी कुनाला बोललो न्हाय,’ आणि पुढच्या ढिगाकडे वळला.

माझ्या युक्तिवादात छिद्र होते, इंद्रजित. तुम्हाला सापडले नाही, कारण ते माझ्या वहीत होते.

आता तू त्याच्या दारात स्वतः जा आणि तुझ्या वाट्याची माफी माग. माझी मी मागेन. त्याआधी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जावे. वाचायला दिग्विजयला दे. एकही अक्षर बुडता कामा नये.

तुझा चुलता, आणि तो जुना विद्यार्थी,
शिवलिंगप्पा