उस्ताद पुढच्या सीटवर

७ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या दोन खोल्यांत फोनवरचा शब्द न् शब्द ह्यांच्या कानावर जातो, आणि हे त्यांना आत्ताच कळायला नको. उत्तर शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर पाठव. बाईचं तोंड दिवसभर चालतं, पण सांगितलेली गोष्ट त्यांच्या पोटातून बाहेर येत नाही.

झटका येऊन आठ महिने झाले, तरी तू गेलीस तेव्हा होते तसेच हे आहेत. उजवा हात मांडीवर पडलेला, जीभ जड, आणि स्पष्ट शब्द एकच, नाही. जेवता का, नाही. पेपर वाचून दाखवू का, नाही. पूर्वी खिडकीत तरी बसायचे. आता खाली ट्रक थांबला की मान फिरवतात, म्हणून मीच खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली. ज्या माणसाने उभी हयात ट्रक चालवला, नवशिक्या पोरांना हाताखाली घेऊन ड्रायव्हर केलं, तो भिंतीवरचा पोपडा बघत बसतो. मला बघवत नाही गं.

तर ऐक. आपल्या गावाची बंद पडलेली रेल्वे होती ना, तिचे रूळ उखडून तिथे आता धरणापर्यंत सायकलची वाट केली आहे. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेत, त्यामुळे मोटार सोड, स्कूटरसुद्धा आत शिरत नाही. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये नदीवरचा जुना पूल. जुन्या तिकीटखिडकीत एक बाई सायकली भाड्याने देते. तिच्याकडे एक तीनचाकी आहे. पुढे माणूस बसवायची पट्ट्याची सीट, मागे चालवणारा. मी विचारलं, चालवणारा कोण मिळेल. ती म्हणाली, चालवणारे मिळत नाहीत, बाई, घरचंच कोणीतरी आणावं लागतं.

घरचं म्हणजे मीच. उद्यापासून शिकते आहे. रागावणार हे माहीत आहे, तेवढं मोठ्या अक्षरांत रागव, माझा चष्मा जुना झालाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

१५ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात चहाच्या सुट्टीत उघडलं आणि चहा तसाच निवून गेला. मोठ्या अक्षरांत लिहिते: हे अजिबात करायचं नाही!

आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस. आपल्या चौकात रस्ता ओलांडताना तू माझा दंड इतका घट्ट धरायचीस की वळ उठायचे. तुझं ब्लडप्रेशर मी सांगायला नको. आणि बाबांच्या अंगात बळ नाही. पडले, हाड मोडलं, तर पुन्हा अंथरूण. असे पेशंट मी रोज बघते. वाटेवर वाहनं नाहीत हे मान्य, पण खड्डे, उतार, कुत्री तर असतील? एखादा धडधाकट मुलगा शोध, नाहीतर मी रजा मिळेपर्यंत थांब. वाट काही पळून जात नाही.

आणि तू कधी सायकलवर बसली तरी होतीस का? बाबांनी अर्ध्या जिल्ह्याला गाडी शिकवली, पण तू विचारलंस की त्यांचं ठरलेलं असायचं, तुला कुठे जायचंय? मला राग यायचा. तू हसून सोडून द्यायचीस.

उलट टपाली होकार कळव. म्हणजे, नाही करणार याचा होकार.

रागातही तुझीच,
चिमणी

३ डिसेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिंपीणकाकूंनी उशीच्या खोळीत घालून आणून दिलं. होकार कळवायला उशीर झाला, कारण तोवर मला गाडी चालवता यायला लागली होती.

पहिल्या दिवशी काय फजिती झाली म्हणतेस! मला वाटलं, तीन चाकं आहेत, पडायचा प्रश्न नाही. पडले नाहीच, सरळ कुंपणात गेले. ती गाडी आपण झुकू त्याच्या उलट बाजूलाच ओढते. सायकलवालीने साडीची काटे लागलेली किनार सोडवली आणि विचारलं, उद्या येणार ना? दुसऱ्या दिवसापासून मी सलवार-कमीज घालून गेले. पुढच्या सीटवर माणसाच्या वजनाला वाळूचं पोतं. त्याच्याशी मी इतकं बोलले की त्याचा लळा लागला.

आणि वाट कशी आहे सांगू? आधी दोन्ही बाजूंना खडक कापलेला, तिथे उन्हातही गार लागतं. मग एकदम सगळं उघडं होतं, डोळा जाईल तिथवर ज्वारी, आणि कानावर काय येतं तर फक्त आपल्या साखळीची कुरकुर. एकदा टिटवी ओरडली तर मी ब्रेकच दाबला! आयुष्यभर चौकात अंग चोरून उभी राहिले, चिमणे. इथे पहिल्यांदा वाटलं, हा रस्ता माझ्यासाठी रिकामा ठेवलाय.

पण खरा घाट पुढेच होता. ह्यांना सांगितलं, तर काय, नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तर डाव्या हाताने उशी फेकली. मग खुर्चीखालून कापसाचं गाठोडं ओढून दाखवलं. मला कळलं ते. मी गाठोडं नाही, असं म्हणत होते. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं.

मग विचार केला, ह्यांना फिरायला नेते म्हटलं हीच माझी चूक. सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, मला गाडी शिकायची आहे. चालवते, पण ब्रेक धक्क्याने लागतो, वळणावर घाबरते. सायकलवालीला शिकवता येत नाही. तुम्ही पुढे बसून शिकवाल का?

ह्यांनी या वेळी उशी फेकली नाही. मग डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. कपाटात त्यांचा ड्रायव्हरकीचा खाकी शर्ट होता.

रविवारी जातोय. माझ्यापेक्षा त्यांची काळजी जास्त कर, कारण मला आता भीती वाटत नाही.

अशीच भांडत राहा, पण पत्र पाठव.
तुझी आई

७ डिसेंबर

चि. चिमणीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, आज आशीर्वादसुद्धा घाईतच घे.

रविवारी गेलो. शिंपीणकाकू आणि सायकलवाली, दोघींनी मिळून त्यांना बसवलं, पट्टे आवळले. ते ताठ, समोर नजर. पहिला टप्पा त्यांच्या डाव्या हातावरच चालला. हळू म्हणजे तळवा खाली, वळण आलं की बोट. ब्रेक धक्क्याने दाबला की मागे वळून असे बघायचे की हाताखालची पोरं कशी टिकली असतील कोण जाणे! पण चिमणे, मला त्या बघण्याचा इतका आनंद झाला. इतके महिने ते माझ्याकडे रागाने तरी कुठे बघत होते?

पुलानंतर लांब चढ आहे. सोबत पोतं होतं तेव्हा चढले होते, पण त्या दिवशी समोरून वारा. पाय लाकडासारखे झाले. गाडी जागीच थांबते की मागे जाते असं वाटलं. मागेपुढे चिटपाखरू नाही. मी मनातल्या मनात तुझी माफी मागायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात पुढून आवाज आला. गिअर.

मला वाटलं भास. पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठ्याने, चिडून. गिअर बदल!

बदलला. पाय हलके झाले, गाडी सुटली. वर पोचल्यावर थांबले, तर मी रडते आहे की धापा टाकते आहे, माझं मलाच कळेना. ते समोर बघत होते. मग एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे म्हणाले, पुढे... उतार आहे... ब्रेक... हळू.

नऊ महिन्यांनी माझा नवरा बोलला तो मला झापायला! याहून गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

रागाचा कागद तयार असला तर फाड, नाहीतर पाठव. सगळं चालेल.
तुझी आई

१४ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

फाडला.

तुझं पत्र मी हेडसिस्टरना वाचून दाखवलं, त्यांनी ते आमच्या व्यायामवाल्या डॉक्टरांना वाचायला लावलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली वाचा अशी परत येते, पण तिला बोलण्यासाठी कारण लागतं. वॉर्डात जो तो विचारतो, तुमच्या आई आता किती लांब जातात? मीही काहीतरी ठोकून देते. परवा तुला एका आजोबांसमोर धरणापर्यंत पोचवलं. तेव्हा आता माझी अब्रू तुझ्या पायांत आहे.

रजा मंजूर झाली. एक साधी सायकल माझ्यासाठी सांगून ठेव. आपण तिघं धरणापर्यंत जाऊ. शिकवणाऱ्यांना माझा नमस्कार, आणि त्यांना विचार, मुलीला शिष्य करून घ्याल का?

आता तुझ्या धाकात राहीन.
चिमणी

५ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मांड्या अजून दुखतात. रात्रपाळीत जिना चढताना कण्हते, आणि एकसष्टीच्या बाईने मागे टाकलं हे कोणाला सांगायची सोय नाही. तरी सगळ्यांना सांगितलंच.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. एसटी स्टँडवर मला सोडायला बाबा आले होते, त्यांच्यासमोर सांगितली असती तर ते लाजले असते.

धरणाजवळ तू बाटली भरायला नळावर गेलीस, तेव्हा बाबांच्या ओळखीचे एक काका भेटले, पूर्वी त्यांच्याच कंपनीत ट्रकवर होते. बाबांना पट्ट्यांनी बांधलेलं बघून त्यांचे डोळे भरून आले. वाईटाने बोलले नाहीत ते. म्हणाले, उस्ताद, आम्हा सगळ्यांना तुम्ही मार्गाला लावलंत, आणि आज तुमच्यावर ही वेळ यावी?

बाबा चिडतील असं मला वाटलं. मी मध्ये पडणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. काकांना तुझ्याकडे बघायला लावलं. तू तिकडे नळावर तोंड धुऊन पदर शोधत होतीस आणि मग आठवून ओढणीला हात पुसत होतीस. बाबा तुझ्यावरची नजर न काढता बोलले, थांबत थांबत, पण एकही शब्द न गाळता. म्हणाले, इतकी वर्षं गाडी माझ्याकडे होती. खरा ड्रायव्हर घरी बसून होता.

तू आलीस, हँडलची मूठ धरलीस, आणि बाबा सीटवर सरळ होऊन बसले.

आई, तुझ्या पोटी जन्मले याचा मला कधी नव्हे इतका अभिमान वाटतो आहे. प्रकृतीला जप असं आता लिहीत नाही. हवा भरून घेत जा.

तुम्हा दोघांची,
चिमणी