नाकातला फुगा आणि मुरंब्याची खुर्ची

ओलेटा, माझं नाक गेलंय हे पाद्रीणबाईंना सांगायला तुला रविवारी चर्चच्या पायऱ्याच सापडल्या होय? तेसुद्धा जत्रेला तीन आठवडे राहिले असताना! पोटात काही राहत नाही तुझ्या, लहानपणापासून.

बरं, आता रीतसर. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा, क्लेटसचा, खोकला गेला का? (बाकी क्लेटसचं काही विचारत नाही.) मी ठणठणीत आहे.

सव्वीस वर्षं कौंटीच्या जत्रेत मुरंबे-लोणच्यांच्या टेबलाची परीक्षक मी आहे. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बरणीचं झाकण उघडलं की कुणाच्या शेगडीवर साखर करपली ते सांगत होते. त्या मेल्या फ्लूनंतर वास गेला आणि गेल्या वर्षी मी पहिल्या नंबराची निळी फीत दिली ती करपलेल्या आलुबुखाराला. बरणीवर नुसता नंबर असतो, मला काय ठाऊक ती पाद्रीणबाई ट्विचेलची? तिला मात्र ठाऊक होतं तिचा मुरंबा करपलाय ते. फीत छातीशी धरून अशी गोड हसली, की मला तेव्हाच कळलं, हिला आता माझी खुर्ची हवी. कमिटीला सांगून आलीये, यंदा माझी एक जरी चूक झाली तरी या आर्डिसला घरी बसवा.

म्हणून आपली नात मार्नी मला डॉक्टर लूमिसकडे घेऊन गेली. (डॉक्टर म्हणजे हाडं बसवणारा. भिंतीवर कागद बरेच टांगलेत, मी वाचले नाहीत.) हा माणूस रबराची बोटाएवढी टोपी रक्तदाब मोजायच्या पंपाला दोऱ्याने बांधतो, वंगण लावून नाकपुडीत सारतो आणि हवा भरतो. म्हणे कवटीची हाडं आतून जागेवर बसतात. आधी त्याने माझा हात खाली दाबून पाहिला, शरीर कुठे कमजोर आहे ते कळायला. चाळीस वर्षं गाईंचं दूध काढलंय मी. दोन्ही हातांनी लोंबकळला तरी हात हलेना. "आजी, जरा सैल सोडा ना!" म्हणाला. म्हटलं, "तू जेवून ये, मग बघू."

फुगा फुगला तेव्हा डोक्यात असा कडाड आवाज झाला, जसं वाऱ्याने गोठ्याचं दार आपटावं. माझी मूठ आपोआप गेली. त्याचा चष्मा खिडकीपाशी सापडला. (माफी मागितली. मार्नीने.) असे चार दिवस. चौथ्या दिवशी तो हेल्मेट घालून आला, आणि लोक म्हणतात मला कुणी मान देत नाही.

पण गुण आला हो! चर्चला घालायची टोपी चाळीस वर्षं डाव्या कानावर कलायची, ती आता सरळ बसते. आणि हे लिहिताना स्वयंपाकघरातून ताज्या कॉफीचा असा खमंग वास येतोय, की काय सांगू. तेव्हा सगळ्यांना सांग, आर्डिस परत आली. पाद्रीणबाईंना आधी सांग.

तुझी थोरली,
आर्डिस

ता. क. मार्नी आत्ता येऊन खिडक्या उघडून गेली. कॉफी कुणी ठेवलीच नव्हती. चुलीवर मोजे उकळायला ठेवलेलं पातेलं आटून मोजे जळत होते, घरभर धूर होता, आणि मला कशाचाच वास येत नव्हता. वरचं कुणाला सांगू नकोस.

आणखी ता. क. टोपी सरळ बसते कारण मार्नीने आत कागद घातलाय.

शेवटचं. परीक्षकाशेजारी शेरे लिहायला एक बाई बसते. यंदा तू बस. करपलं असेल तर माझा पाय एकदा दाब, आंबलं असेल तर दोनदा. लिहिणारीला स्वतःची बरणी स्पर्धेत ठेवता येत नाही, म्हणजे तुझी आंबवलेली कोबी घरीच राहील. या वर्षीची तुझी कोबी जिंकणार होती हे मला न हुंगताही माहीत आहे. तरी मागतेय. नाक तुझं चालतंय, तोंड तेवढं आवर.

उत्तर तुझ्या हातचं हवं. क्लेटसने लिहायचं नाही. तो लिहिलेलं टपालकचेरीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो.