लेकीचं मागणं आणि हिरवं पाकीट

१४ सप्टेंबर
इमारतीच्या समितीचा अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडून आलो. बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, एवढा दरारा.

पहिला संकल्प: खाली पहारेकरी आ-तेंग काकांच्या टेबलावरचा तारेचा जुना फोन काढून टाकणे. घरोघरी फायबर आलंय, मग हे डबडं कशाला? काका म्हणाले, "साहेब, हा कधी बंद पडत नाही." म्हटलं, "काका, दगडसुद्धा कधी बंद पडत नाही." ते शेंगा सोलत राहिले. पटलं असावं.

१८ सप्टेंबर
आमच्या लेकीसाठी, पेइ-च्येनसाठी, झान मंडळी २७ तारखेला, रविवारी, ताइचुंगहून मागणी घालायला येणार. पंचांगात मुहूर्त सकाळी नऊ ते अकरा. भाषण लिहायला घेतलं. विषय: कुटुंब आणि दळणवळण. चार पानं झाली, प्रस्तावना अजून बाकी आहे.

मेइ-श्या म्हणाली, "अहो, ते मुलगी मागायला येताहेत, तुम्हाला ऐकायला नाही." हिला भाषणातलं काही कळत नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, मी समजावणं सोडून दिलंय.

२२ सप्टेंबर
समुद्रात वादळ. आमच्या हुआलिएनकडेच येतंय म्हणे. दर वेळी म्हणतात.

२४ सप्टेंबर
खरंच येतंय. रविवारच्या गाड्या रद्द. पेइ-च्येन शहाणी, कालच तैपेईहून घरी आली. पण झान मंडळी तिकडेच अडकली.

झानबाईंचा, मुलाच्या आईचा, फोन आला. पुढचा मुहूर्त थेट वसंतातला, आणि "आभाळच आडवं येत असेल, तर पुन्हा विचार करावा का?" असं त्या म्हणाल्या. पेइ-च्येन न जेवता खोलीत गेली. दार लावलं. आतून रडल्याचा आवाज आला. ही पोर दात दुखतानासुद्धा रडली नव्हती. 

लगेच झानबाईंना फोन लावला. म्हटलं, मुहूर्त टळणार नाही. रविवारी नऊ वाजता व्हिडिओवर मागणी घाला. वीज गेली तरी माझ्या घरचं इंटरनेट जाणार नाही, हा आमच्या 'तू' आडनावाच्या खानदानाचा शब्द आहे. बाई म्हणाल्या, "बघा हं." आवाजात विश्वास भरभरून होता.

२५ सप्टेंबर
तयारी जोरात. तळघरात इंटरनेटची पेटी आहे, तिच्यातून सगळ्या घरांना तारा जातात. पेटीखाली एक जाडजूड बॅटरी नुसती घूं घूं करत पडली होती. कुणाच्या उपयोगाची नाही. अध्यक्षाच्या अधिकारात वर आणली आणि माझ्या राउटरला जोडली. आता येऊ दे वादळ!

राहिलं हिरवं पाकीट. नारळाच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. पण हिरवंच हवं. पिवळं म्हणजे धोका, लाल म्हणजे बोंबललंच. आणि खायचं मात्र नाही. खाल्लं की यंत्र रुसतं.

मेइ-श्याला दुकानात पाठवलं. पिवळं घेऊन आली! म्हणे हिरवी संपली, नूडल्सही संपल्या, लोक वेड्यासारखे नेताहेत. "आणि चव एकच लागते हो." चव! मी डोक्याला हात लावला. पिवळं तिने हळूच तळघरातल्या पेटीवर ठेवलं, "असू द्या, बिचारं." मग मी स्वतः सहा दुकानं पालथी घालून हिरवं मिळवलं. तारीख उलटलेली नाही, तीनदा पाहिली. राउटरवर विराजमान.

२६ सप्टेंबर
संध्याकाळी वादळाची सुट्टी जाहीर. खिडक्यांना चिकटपट्टी, टबात पाणी. लिफ्टच्या दारावर माझ्या सहीची सूचना लावली: 'वादळात लिफ्ट वापरू नये. वापरल्यास समिती जबाबदार नाही.' शाई जरा फिस्कटली, पण सही ठळक आहे.

पेइ-च्येनने विचारलं, "बाबा, नक्की लागेल ना?" म्हटलं, "बाळा, तुझा बाप आहे." ती अजूनच काळजीत पडलेली दिसली. भावी नवऱ्याची काळजी असेल.

२७ सप्टेंबर, रविवार, सकाळी
वारा पिसाळलाय. समोरच्यांची पाण्याची टाकी उडून गेली, कुठे ते त्यांनाही माहीत नाही. आमचं इंटरनेट उत्तम. कोट चढवला. खाली पायजमाच ठेवला, कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच येतं.

पावणेनऊ
वीज गेली. मी हसलो. राउटरचे दिवे चालू! बॅटरी जिंदाबाद!

नऊ
दिवे चालू, इंटरनेट नाही. शेजाऱ्यांकडेही नाही. अख्ख्या इमारतीचं एकाच क्षणी गेलं. मोबाइलची एक काडी होती, तीही गेली.

कारण स्पष्ट आहे. तळघरातलं पिवळं पाकीट! मेइ-श्याला सुनावलं. ती म्हणाली, "अहो, तळघरातली ती बॅटरी तुम्ही..." मी मध्येच थांबवलं. प्रसंग गंभीर असताना विषयांतर नको.

हिरवं पाकीट उचललं. खाली नेऊन पेटीवर ठेवतो. एवढ्यात इमारतीचा जनरेटर सुरू झाला, लिफ्टचा दिवा लागला. सूचना सामान्य रहिवाशांसाठी आहे. मी जन्मभर लिफ्टच विकल्या, हीसुद्धा मीच विकलेली, तिची मला खात्री आहे.

त्याच दिवशी, दुपारी (लिफ्टमधून सुटल्यावर; सकाळचं लिहायला हातात वही नव्हती)
लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. जनरेटरात डिझेल नव्हतं. डिझेलची मंजुरी अध्यक्षाकडे प्रलंबित होती. त्याबद्दल सविस्तर नंतर.

अंधार. लिफ्टमधला तातडीचा फोन उचलला. आ-तेंग काका म्हणाले, "कोण?" म्हटलं, "अध्यक्ष." ते म्हणाले, "सूचना वाचली नाही का?" उद्धट माणूस.

मग बसून राहिलो. भूक लागली. भीती नाही, भूकच. हिरवं पाकीट फोडलं. मुहूर्त चाललेला, पोरगी वर रडत असणार आणि मी इथे कोट-पायजम्यात खाऊ खातोय. खाऊ संपता संपेना आणि गिळताही येईना.

तेवढ्यात लिफ्टचा फोन वाजला. काका म्हणाले, "साहेब, हलू नका." हलतो कुठे! मेइ-श्या पेइ-च्येनला घेऊन नऊ मजले जिन्याने उतरली होती आणि काकांच्या त्या, अजून काढायचं राहिलेल्या, डबड्यावरून तिने झानबाईंना फोन लावला होता. पहिल्या फटक्यात लागला. पण पोरगी अडून बसली, "बाबांनी होकार दिल्याशिवाय नाही." म्हणून काकांनी टेबलावरचा लिफ्टच्या फोनचा रिसीव्हर आणि डबड्याचा रिसीव्हर उलटसुलट धरून एकाच्या तोंडाला दुसऱ्याचा कान लावला आणि दोन्ही रिसीव्हर रबरबँडने बांधले.

फोनमधून झानबाईंचा आवाज आला, पार विहिरीतून आल्यासारखा. "तूसाहेब, तुमची पेइ-च्येन आमच्या घरी द्याल का?"

भाषण पाठ होतं. चारही पानं, नवी प्रस्तावनाही. पण घशात खाऊ अडकला. तो खाऊ फार कोरडा असतो, डोळ्यांतून पाणी येतं. एवढंच म्हणालो, "हो. तिला आम्हाला फोन करू द्या."

 मग झानबाई म्हणाल्या, "रोज करेल." आणि पेइ-च्येन खाली इतक्या मोठ्याने रडली, की फोनशिवाय जिन्यातूनच ऐकू आली.

२८ सप्टेंबर
झानबाई मेइ-श्याला म्हणाल्या, "तुमचे हे फारच मितभाषी. घर चांगलं आहे." मेइ-श्या स्वयंपाकघरात जाऊन हसली. बराच वेळ हसली.

इंटरनेट अजून बंद. तळघरातली बॅटरी कुणीतरी पळवल्याची तक्रार आली आहे. चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मीच.

३ ऑक्टोबर
वीज पूर्ववत. इंटरनेट पूर्ववत. बॅटरी सापडली, कुठे, ते अहवालात येणार नाही. नवं हिरवं पाकीट ठेवलं. चारही दिवे हिरवे. पेइ-च्येन तैपेईला परतली. संध्याकाळी फोन करते म्हणाली. जेवण आटोपून राउटरसमोर कोट घालून बसलो.

फोन आला. आ-तेंग काकांच्या टेबलावर. काकांनी वर निरोप दिला, पोरगी म्हणते, "तिथला नक्की लागतो ना, बाबा."

जिन्याने उतरलो.