रुमालाखालचा आकडा

कळवा,
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय उत्तम,

अक्षर मुंगीएवढं झालंय, कुरकुर न करता वाच. जागा कमी आणि बोलायचं फार आहे.

तू नाशिकला गेल्यापासून नौपाड्यातल्या आपल्या छपाईच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघते. परवा आणखी एक नवा आला, तो मी एकटीने जोडला. महिपतशेठ चक्क शाबास म्हणाले! दिवाळीनंतर पहिले दोन नवे आले, तेव्हा हेच शेठ काय म्हणाले होते आठवतं? बरोबर पासवर्ड टाकूनही मुख्य मशीन प्रश्नपत्रिकांच्या फायली देईना, तर म्हणे मालनला कॉम्प्युटर जमत नाही, उद्यापासून तिने घरी बसावं. बाबांची कंपनी बंद पडलेली, घरात माझाच पगार. मी अगदी रडकुंडीला आले होते.

तू मात्र शांतपणे रुमाल काढलास. म्हसा गावच्या जत्रेत तुझे वडील बैलांचा सौदा करतात तसा माझ्या हातावर टाकलास आणि खालून चार बोटं दाबलीस. म्हणजे चार हजार. आपल्या दोघांना कळलं, बघणाऱ्यांना नाही. नवे कॉम्प्युटर पासवर्ड असा झाकून देतात, आपलं जुनं मुख्य मशीन तो उघड मागतंय, म्हणून दोघांचं जमत नाही, म्हणालास. कॉम्प्युटर विकणारा नव्यांनाच उघड बोलायला लावत होता. तू ऐकलं नाहीस. प्रश्नपत्रिका आहेत, जुन्यालाच रुमाल देऊ म्हणालास. मुख्य मशीनची ती एक सेटिंग बदललीस, सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडून नव्याने भरून घेतलेस, आणि फायली उघडल्या. वर शेठना सांगितलंस, मालनने केलं. उत्तम, त्या दिवशी तू माझं घर सावरलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही.

जायच्या दिवशी तू पुन्हा रुमाल टाकलास आणि अख्खा हात धरलास. हा कुठला आकडा, मी विचारलं. विचार करून कळव म्हणालास आणि खोपटला एसटी पकडायला पळालास. शूर कुठला!

काल कल्याणहून मला स्थळ आलं. मी आईला नको म्हटलं, आणि का तेही सांगितलं. म्हणूनच हे पाकिटात न घालता पोस्टकार्डावर लिहिलंय, एकात मावेना म्हणून दोन कार्डं. आईने वाचलंय, पोस्टमन वाचेल, तुझ्या खोलीवरचे मित्रही वाचतील. वाचू देत. तू रुमालाखाली विचारलंस, मी सगळ्यांदेखत सांगते: हो.

तुझीच, आता उघड उघड,
मालन