समन्वय कक्ष आणि शनिवारचे रोडगे

६ जानेवारी, सोमवार
आज इतिहास घडला. प्राचार्यांनी मला कॉलेजचा समन्वयक केलं. शिकवणारे विभाग एकीकडे, विद्यार्थी सहाय्य कक्ष दुसरीकडे, दोघांत ताळमेळ म्हणून नाही, हे मी प्रत्येक स्टाफ मीटिंगमध्ये सांगत आलो. (फक्त पाऊण पाऊण तास.) शेवटी साहेबांना पटलं. स्वतंत्र खोलीसुद्धा दिली, मैदानाच्या पार टोकाला, जिमखान्यापलीकडे. म्हणाले, तिथं तुमाले कोनी डिस्टर्ब करनार नाही. माणसाची कदर असावी तर अशी. आता उपप्राचार्यपद कुठे जात नाही.
संकल्प : बोलणं कमी, काम जास्त. साखर बंद.

७ जानेवारी, मंगळवार
पहिली केस स्वतःच्या पायांनी चालत आली! योगिनी, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली होती, काल परतली. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं बुडालीत. ती भरून काढायची तर वसतिगृहात जागा हवी. नाहीतर वर्ष गेलं. म्हणजे केमिस्ट्रीचे संघपाल सर आणि सहाय्य कक्षाच्या मंजुषा मॅडम, दोघांना एकत्र आणणं आलं. अगदी माझ्यासाठीच केलेली केस. तिला बजावलं, आता कुणाकडे जायचं नाही, सगळं समन्वयातून होईल. तिनं विचारलं, सर, लवकर होईन ना? म्हटलं, बाळा, आधी बैठक.
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'समन्वय'. मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकतो. शिस्त हवी.
साखर उद्यापासून.

११ जानेवारी, शनिवार
पहिली बैठक. उपस्थित : मी. संघपाल सरांना किन्हीराजा गावच्या शेतात हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मंजुषा मॅडमच्या सासूबाई सिरीयस. पीपीटी खुर्च्यांना दाखवला. खोलीत आवाज छान घुमतो.
मैदानाकडून धूर येत होता. कुणी पालापाचोळा पेटवला असावा. वास मात्र वांग्याच्या भाजीचा.

१८ जानेवारी, शनिवार
दुसरी बैठक. हरभऱ्याला पुन्हा पाणी. इतकं पाणी दिलं तर पीक पिवळं पडेल, सरांना सांगायला हवं. सासूबाई पुन्हा सिरीयस. बिचाऱ्या मॅडम.
योगिनी आठवडाभर फिरकली नाही. हल्लीच्या पोरांना स्वतःच्या भविष्याची काळजीच नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
समन्वयकाला माणुसकी हवी. वाशीमच्या बाजारातून गुच्छ घेतला, मंजुषा मॅडमच्या घरी गेलो. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, कोन सिरीयस? कायले भलतंच बोलून राह्यले? गुच्छ मात्र ठेवून घेतला. म्हणजे आजाराला उतार दिसतो.

२५ जानेवारी, शनिवार
तिसरी बैठक, सक्तीची. चिटपाखरू नाही. तणतणत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेलो, तर योगिनी ॲप्रन घालून ब्युरेटमधून थेंब थेंब सोडते आहे! विचारलं, परवानगी कुणाची? म्हणाली, संघपाल सर रोज थांबून करून घेतात, प्रॅक्टिकलं संपतच आली. राहतेस कुठे? वसतिगृहात. मंजुषा मॅडमनं, तुमाले भेटली त्याच दिवशी खाट देली.
मला भरून आलं. म्हटलं, पाहिलंस ना, ग्रुपचा परिणाम! ती म्हणाली, हो सर, रोडग्याच्या ग्रुपवर एका मेसेजमध्ये झालं.
खोदून विचारलं तेव्हा कळलं. दोन्हीकडची मंडळी दर शनिवारी मैदानामागे गोवऱ्या पेटवतात, त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजतात, वांग्याची भाजी करतात आणि खाता खाता पोरांच्या अडचणी निकालात काढतात. वर्षानुवर्षं. त्यांचा ग्रुप आहे. ग्रंथालयवालेसुद्धा आहेत. ॲडमिन प्राचार्य.
वाईट वाटलं. खूपच वाटलं. मला रोडगे फार आवडतात.

२७ जानेवारी, सोमवार
प्राचार्यांना तोंडावर विचारलं. ते खोकले. म्हणाले, अरे, तुमी नाही का त्याच्यात? राहूनच गेलं पाहा. लगेच मला ग्रुपमध्ये घेतलं. गैरसमजच होता तर. मी ताबडतोब समन्वयाच्या गरजेवर एक छोटा मेसेज टाकला, चार भागांत. सोबत पीपीटी.

२९ जानेवारी, बुधवार
ग्रुपमधून संघपाल सर बाहेर पडले. पाठोपाठ मंजुषा मॅडम. मग अख्खं ग्रंथालय. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. संध्याकाळी प्राचार्यही गेले, जाताना मला ॲडमिन करून. जबाबदाऱ्या वाढत चालल्या आहेत.

१ फेब्रुवारी, शनिवार
ग्रुपवर मी एकटा. तरी बैठकीची वेळ झाली म्हणून खोलीत येऊन बसलो. धूर आला. वास आला. आपणहून जावं की बोलावण्याची वाट पाहावी, यावर सखोल विचार केला. पोट ओरडायला लागलं.
दारावर थाप. योगिनी, हातात झाकलेलं ताट. दोन रोडगे, वरण, वांग्याची भाजी. म्हणाली, मंजुषा मॅडमनं वाढलं, संघपाल सरनं वरून तूप टाकलं, आन् प्राचार्य सर म्हणाले, सरले नेऊन दे, पन येतानी त्याहिले संग आनू नको.
म्हणजे दोन्ही विभागांनी एकत्र येऊन एका गरजूपर्यंत मदत पोचवली. समन्वय यशस्वी. लाभार्थी : मी.
भाजी झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानंच. ताट पुसून खाल्लं. मग धीर करून विचारलं, आणखी एखादा रोडगा मिळेल का?
योगिनीनं मोबाईल काढला. म्हणाली, थांबा सर, नव्या ग्रुपवर इचारते.