आकड्यांचे कुलूप आणि गूळपाणी

शनिवार, सायंकाळ

माझ्या निवृत्तीच्या पैशांतून बांधलेला वरचा मजला रोजच्या भाड्याने देण्यास माझा विरोध होता, असे सूनबाईंनी आज विहीणबाईंना सांगितले. ते चूक आहे. विरोध आकड्यांच्या कुलपाला होता. पाहुण्याने परस्पर आत शिरावे आणि कुणी पाणीही विचारू नये? म्हणून पहिल्याच पाहुण्या बाईंना मी दारात गूळपाणी दिले. त्या दचकल्या.

“बाबा, तुम्ही काहून मध्ये पडून राहिले? त्यांनी ॲपवर वाईट शेरा दिला तर कोण येईल इथं?” सूनबाई म्हणाल्या.

आज त्याच बाई आईला घेऊन आल्या. जिन्यातूनच म्हणाल्या, “आजोबा, गूळ कुठंय?”

तेव्हा नोंद शुद्ध करतो:
कुलूप बसले दसऱ्याला, सूनबाई सांगतात तसे पाडव्याला नव्हे.
गूळपाणी सुरू झाले धनत्रयोदशीला.
सूनबाईंनी गुळाचा डबा स्वतः वर नेला, तो आज.