गुडघे टेकून वाचणाऱ्या मुलींच्या नावे

मी, पेर्पेतुआ नाम्पिजा, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, शिक्षण-संशोधनाच्या नोकरीतून निवृत्त, राहणार न्येंडो, मसाका, युगांडा, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्यांनी मला वजाबाक्या घातल्या; त्यातली एक त्यांचीच चुकली, ती मी दुरुस्त केली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा धाकटा भाऊ गोन्झागा सेम्मांडा सकाळपासून व्हरांड्यात बसून दडपण आणू पाहतो आहे, पण ते त्याला लहानपणापासून जमलेले नाही.

उद्या मला शस्त्रक्रियेसाठी कंपालाला नेणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी जन्मभर अहवाल वाचले आणि लिहिले आहेत, त्यामुळे अशा वाक्यांचा अर्थ मला कळतो. म्हणून आजच लिहून ठेवते.

कलम १. मला वडिलांच्या शेजारी, केळीच्या बागेत पुरावे. लुबुगो, म्हणजे आपले सालीचे कापड, एकच पुरे. मी काही फार मोठी बाई नव्हे. भाषणे आटोपशीर असावीत. राजधानीहून आलेल्या ज्या पाहुण्याच्या तोंडून ‘क्षमता-बांधणी’ हा शब्द निघेल, त्याला मतोके, म्हणजे आपली शिजवलेली हिरवी केळी, वाढू नयेत.

कलम २. निरनिराळ्या कार्यशाळांत मिळालेल्या, छातीवर कुठल्या ना कुठल्या संस्थेचे नाव मिरवणाऱ्या पिशव्यांनी माझे एक कपाट भरले आहे. त्या न्येंडोच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायकांना वाटाव्यात. त्या कार्यशाळांतून आफ्रिकेच्या शिक्षणाला काय मिळाले, हा वादाचा मुद्दा आहे. निदान टोमॅटो तरी घरी जातील.

कलम ३. माझे स्टॉपवॉच. हे ज्या परदेशी संस्थेच्या पैशाने आले, तिला ते सप्रेम परत करावे. नाव लिहीत नाही, उगाच मेल्यावर भांडण नको. पण सोबत पुढचा मजकूर जोडावा, कारण जिवंतपणी मी तो तीन निरनिराळ्या साहेबांना सांगितला आणि पालथ्या घड्यावर पाणी पडले.

त्या संस्थेला आमच्या मुलांचे वाचन मोजायचे होते. चाचणी तिकडेच तयार झाली, आम्ही फक्त ती घ्यायची. मास्तरांच्या टेबलावर धड्याचे कार्ड ठेवायचे, मुलाला बोलवायचे, कळ दाबायची आणि एका मिनिटात किती शब्द वाचले ते मांडायचे. चाचणी घेणारे सगळे आमचेच पदवीधर, चांगल्या घरचे, इथेच वाढलेले. अहवाल छापून आला: या भागातल्या मुली वाचनात मुलांपेक्षा फारच मागे. लगेच मुलींसाठी मोठी योजना आली. पेटारेच्या पेटारे गोष्टींची पुस्तके आली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

एकदा चाचणी चालू असताना माझे पेन खाली पडले. उचलायला वाकले आणि तिथेच थांबले. समोर एक मुलगी गुडघे टेकून बसली होती. मोठ्या माणसापुढे आमच्या मुली गुडघे टेकतात. आत्या ते शिकवतात, माझ्या आत्याने मला शिकवले. पण गुडघ्यावर बसलेल्या त्या पोरीच्या डोळ्यांसमोर टेबलाची कड होती. कार्ड वर. तिला दिसत होते ते लाकूड! त्यात ती रीतीप्रमाणे विचारत होती, “रात्र बरी गेली ना, सर? घरची मंडळी बरी आहेत ना?” सरही रीतीप्रमाणे उत्तरे देत होते, आणि घड्याळ आपले टिकटिक करत होते. “मला दिसत नाही” असे मोठ्यांना सांगणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्मायची आहे. ती गप्प बसली. सरांनी शून्य लिहिले.

आम्ही सगळे तिथे होतो. गुडघे टेकणे आम्हाला इतके रोजचे की कोणाच्या डोळ्यांत ते भरलेच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साहेब लोक परदेशातून शेळ्या हाकत होते म्हणावे, तर आम्ही शेळ्यांच्या शेजारीच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी फणसाच्या झाडाखाली चटई टाकली, कार्ड मुलींच्या हातात दिले, आधी सगळ्यांच्या घरची खुशाली पोटभर विचारून घेतली आणि मग म्हटले, वाचा. बऱ्याच जणींनी फडाफडा वाचले. काही जणींना मात्र चटईवरही जमेना. म्हणजे खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होत होता: त्या कोण, आणि त्यांचे कुठे अडते? मी संस्थेला लिहिले की याच मुलींच्या मागे त्यांची शाळा संपेपर्यंत राहू द्या. उत्तर आले, विषय फार मोलाचा आहे, पण यंदाच्या प्राधान्यात बसत नाही. पुढल्या वर्षी प्राधान्य हवामानाकडे गेले. मुली दर वर्षी प्राधान्य बदलून वाढत नाहीत, हे त्यांना कोणी सांगावे?

कलम ४. चटई माझी सहकारी इम्माकुलेट नान्तेझा हिला द्यावी. ती माझी विद्यार्थिनी होती आणि आता माझ्यापेक्षा चांगले संशोधन करते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते. परदेशी पैसा आटल्यापासून माझी पेन्शन आणि तिची मोटारसायकल यांवर आम्ही त्या मुलींमागे फिरतो आहोत. त्या आता प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आहेत. पुढची माध्यमिकची वर्षे राहिली आहेत, आणि मुली गळतात त्या तिथेच. आज काम सोडले तर आमच्या हाती नुसती सुरुवात राहील, आणि नुसत्या सुरुवातींनी आफ्रिकेची कपाटे भरलेली आहेत.

कलम ५. माझे राहते घर नान्तेझाच्या ताब्यात, संशोधनाचे कार्यालय म्हणून राहावे. काम चालू आहे तोवर ते कोणी विकू नये. कुळाने माझा वारस म्हणून हवी ती भाची बसवावी, मला आनंद आहे. पण तिने वारसाची खूण म्हणून भाला-टोपली घ्यावी, घर नव्हे.

मागच्या आवारातल्या भाड्याच्या खोल्यांचे उत्पन्न निम्मे या कामाच्या निधीला आणि निम्मे गोन्झागाला, त्याच्या हयातीपर्यंत. पैसे माझ्या पगाराचे असले, तरी त्या खोल्यांच्या विटा त्याने स्वतः भाजल्या आहेत. त्याची पाठ धरली तेव्हा कुरकुरला, पण काम सोडले नाही. निम्म्या भाड्यात मुलींच्या मागे निम्म्या वाटेपर्यंतच जाता येईल, हे मला ठाऊक आहे. मी रात्रंदिवस त्याचीच काळजी करते. पण भावाच्या घामावर मी मृत्युपत्र लिहिणार नाही.

कलम ६. उरलेल्या वाटेसाठी माझा एक उपाय आहे, त्याला सगळे हसतात. आपल्याकडे कोणाचे लग्न ठरले की मित्रमंडळी दर आठवड्याला बैठक भरवतात. अध्यक्ष होतो, खजिनदार होतो, कोणी गाय कबूल करतो, कोणी तंबू, आणि कबूल करून न देणाऱ्याची चारचौघांत फजिती होते. नवरदेवाला नीट न ओळखणारेही खिसे उलटे करतात. माझे म्हणणे एवढेच की दफनानंतर पुढे माझे अखेरचे क्रियाकर्म होईल, त्या दिवशी अशीच बैठक भरवावी, संशोधनासाठी. मी लग्न केले नाही. माझ्या वाटची ती बैठक गावाकडे येणेच आहे. दफनाला लोक जे मबुगो, म्हणजे दुखवट्याचे पैसे, देतात, तेही शवपेटीवाल्याचे भागवून याच निधीत जावे.

हे मी गोन्झागाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ताई, लग्नाला लोक पैसे देतात ते जेवण मिळतं म्हणून. तुझ्या संशोधनात जेवायला काय?”

“निष्कर्ष,” मी म्हटले.

“त्यावर शेंगदाण्याची आमटी घालतात का?”

घालावी. बैठकीला आमटी करावी, असे मी याद्वारे निर्देश देते.

कलम ७. निधी चालवणाऱ्यांनी परदेशी पैसा नाकारू नये. पैशाला वास नसतो आणि आपण काही एवढे श्रीमंत नाही. पण प्रश्न इथल्या मास्तरांनी, आयांनी आणि मुलींनी काढलेला असावा. पाहुण्याने पीठ आणले म्हणून चूल त्याच्या ताब्यात देत नाहीत. कोणी प्रश्नासकट पैसा घेऊन आला, तर त्याला चटईवर बसवून चहा द्यावा आणि चहावरच बोळवण करावी.

कलम ८. या मृत्युपत्रातला एखादा वाटा कोणत्याही कारणाने ज्याचा त्याला न गेला, तर तो निधीत जमा व्हावा. हे कलम वकील कासुले यांनी घालायला लावले. मला ते निरुपयोगी वाटले, पण त्यांची फी दिलेली आहे.

पुढचा मजकूर मी सह्यांपूर्वी, सगळ्यांच्या देखत वाढवत आहे. वकील कपाळाला हात लावून बसले आहेत.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. शेजारचे निवृत्त हेडमास्तर सिप्रियानो लुतवामा वेळेवर आले. दुसरे यायचे होते ते पॅरिशचे फादर. ते एका दफनाला गेले ते तिकडेच अडकले. मी म्हटले, मग व्हरांड्यातल्या भावालाच बोलवा की. वकील म्हणाले, “बाई, तसं करू नका. साक्षीदार झाला की त्याचा वाटा गेला. कायदाच तसा आहे.” खिडकी उघडी होती. गोन्झागा चपला काढून आत आला.

“पेन द्या,” तो म्हणाला.

“ऐकलंस ना नीट?” मी विचारले. “सही केलीस तर भाड्यातला छदाम तुला मिळायचा नाही.”

“ऐकलं. मी म्हातारा झालोय, बहिरा नाही.”

“फादर उद्या येतील.”

“उद्या तू गाडीत असशील.”

मी कागदावर हात ठेवला. “विटा तू भाजल्यास, गोन्झागा.”

“म्हणूनच म्हणतो. माझ्या विटा, मी कोणालाही देईन. त्या पोरींना निम्म्या वाटेवर टाकून तू वर गेलीस, तर रोज स्वप्नात येऊन माझं डोकं खाशील. त्यापेक्षा भाडं गेलेलं परवडलं.” मग तो खाली चटईवर बसला आणि हळूच म्हणाला, “ताई, त्यांचं पुढे काय होतं गं?”

“ठाऊक नाही रे. तेच तर बघायचंय.”

“आणि तू नसलीस तर मला कोण सांगणार?”

“मी सांगेन, काका,” माझ्या शेजारी बसलेली नान्तेझा म्हणाली.

“सोप्या भाषेत सांग हो. हिच्यासारखं नको.”

मला रडू आले. शाई दोन ठिकाणी फुटली आहे ती त्यामुळे. कोणी खाडाखोड समजू नये.

कलम ९. म्हणून आणखी एक. दर वर्षीचा निष्कर्ष कुठेही छापण्यापूर्वी, कुठल्याही साहेबाला पाठवण्यापूर्वी, नान्तेझाने तो गोन्झागाला वाचून दाखवावा. त्याला तो पटलाच पाहिजे असे नाही. पण समजला नाही, तर परत लिहावा.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

ठिकाण: न्येंडो, मसाका. दिनांक: ९ जून २०२३.

पेर्पेतुआ नाम्पिजा

साक्षीदार १: सिप्रियानो लुतवामा. नाते: शेजारी. या मृत्युपत्रात हितसंबंध: काही नाही.

साक्षीदार २: गोन्झागा सेम्मांडा. नाते: भाऊ. या मृत्युपत्रात हितसंबंध: आत्तापर्यंत होता.